जहाज कुठे अडवले, एवढेच विचारून भागत नाही

गाझाकडे मदत घेऊन निघालेले जहाज इस्रायली नौदलाने अडवले की एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, जहाज आंतरराष्ट्रीय समुद्रात होते, तेव्हा ही सरळसरळ चाचेगिरी. दुसरी म्हणते, नाकेबंदी जाहीर झालेली आहे, ती मोडायला निघालेले जहाज कुठेही अडवता येते, विषय संपला. मे 2010 मध्ये ‘मावी मारमारा’वरून हा वाद झाला, जून 2025 मध्ये ‘मॅडलीन’वरून झाला, ऑक्टोबर 2025 मध्ये ‘ग्लोबल सुमुद फ्लोटिला’च्या चाळीसहून अधिक बोटींवरून पुन्हा झाला. मधल्या पंधरा वर्षांत जहाजे बदलली, त्यांवरची माणसे बदलली. युक्तिवाद मात्र जागचा हलला नाही.

दोन्ही बाजूंची चूक एकच आहे. दोघीही नकाशा पुढे ठेवून बोलतात, जणू किनाऱ्यापासूनचे सागरी मैल मोजले की निकाल हाती येतो. युद्धकायद्याने नाकेबंदी करणाऱ्याला जहाज अडवण्याचा हक्क दिला, पण तो फुकट दिलेला नाही. कोंडलेल्या लोकांच्या अन्नाचे आणि औषधांचे देणे त्याच नियमाने त्याच्या नावावर मांडले आहे. ते देणे फेडले जात असेल, तर खुल्या समुद्रात जहाज अडवणेही कायदेशीर ठरू शकते. फेडले जात नसेल, तर मदतीचा माल परत फिरवणे बेकायदा ठरते, मग जहाज किनाऱ्यापासून शंभर मैलांवर असो की पाचावर.

1. आधी कृती वेगळ्या करू

‘जहाज अडवले’ असे म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबतो: जहाज थांबवणे, त्याची झडती घेणे, आणि त्यावरचा माल लोकांपर्यंत न पोचू देणे. कायदा या तिन्हींकडे सारख्या नजरेने बघत नाही. युद्ध चालू असताना पहिल्या दोन गोष्टी करण्याची मुभा बरीच सैल आहे, तिसरीची फार आवळलेली. समर्थक पहिल्या दोहोंचे नियम दाखवून तिसरी गोष्ट पचवतात. टीकाकार तिसरीचा संताप पहिल्या दोहोंवर काढतात आणि मग कायद्याच्या पुस्तकात हरतात.

याशिवाय चौथा, स्वतंत्र प्रश्न बळाच्या वापराचा. 31 मे 2010 च्या पहाटे इस्रायली कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरांवरून ‘मावी मारमारा’च्या वरच्या डेकवर उतरले. खाली काही प्रवासी लोखंडी गज घेऊन उभे होते. पहिल्या उतरलेल्यांना मार बसला, तिघांना पकडून आत नेले गेले, आणि मग गोळीबार झाला. नऊ जण तिथेच मेले. दहावा चार वर्षे बेशुद्धीत राहून 2014 मध्ये गेला. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नेमलेल्या जेफ्री पामर समितीने सप्टेंबर 2011 च्या अहवालात नाकेबंदी कायदेशीर ठरवली, आणि त्याच अहवालात हा बळाचा वापर अतिरेकी व अवाजवी असल्याचेही म्हटले. मृतांपैकी बहुतेकांना एकाहून जास्त गोळ्या लागल्या होत्या. काहींना पाठीत, काहींना अगदी जवळून. याचे समाधानकारक स्पष्टीकरण इस्रायलने दिलेले नाही, अशी नोंद समितीने केली. अडवण्याचा हक्क मान्य केला तरी मारण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही, हे त्या अहवालावरून दिसते. पण या लेखाचा विषय तो नाही. रक्ताचा थेंबही न सांडता एखादे जहाज ताब्यात घेतले, जसे ‘मॅडलीन’ घेतले गेले, तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतोच.

2. नकाशा कधी पुरतो आणि कधी नाही

शांततेच्या काळात नकाशा पुरतो. 1982 च्या सागरी कायदा कराराप्रमाणे खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा ध्वज, त्याच देशाची सत्ता चालते. परक्या युद्धनौकेला त्यावर चढायचे तर चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, जहाजाला कोणतेच राष्ट्रीयत्व नसणे अशी मोजकी कारणे लागतात. मदतीचा माल हे त्यांतले एक नाही.

जुलै 1947 मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘एक्झोडस 1947’ला पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याजवळ, पण खुल्या समुद्रात, धडका देऊन थांबवले आणि सैनिक वर चढवले. नाझी छळातून वाचलेले सुमारे 4,500 ज्यू त्यावर होते. तीन जण मेले, उरलेल्यांना शेवटी जर्मनीत नेऊन उतरवण्यात आले. तेव्हा ना युद्ध चालू होते, ना नाकेबंदी कायदेशीर अर्थाने जाहीर झाली होती. तिथे ‘हा खुला समुद्र आहे’ हा आक्षेप पुरेसा होता, आणि तो घेणारे पुढे इस्रायलचे नागरिक झाले.

युद्धकाळात मात्र दुसरे, जुने नियम लागू होतात. 1856 च्या पॅरिस घोषणेने ठरवले की नाकेबंदी नुसती कागदावर चालणार नाही, ती प्रत्यक्षात राबवता आली पाहिजे. 1909 च्या लंडन घोषणेने बारकावे लिहिले. ती कधीच अमलात आली नाही, पण तिचा बराचसा आशय प्रघातात उतरला. 1994 मध्ये तज्ज्ञांनी हे सगळे ‘सान रेमो मॅन्युअल’मध्ये एकत्र केले. तो करार नव्हे, पण नौदले आणि न्यायालये त्याचाच आधार घेतात. नाकेबंदी जाहीर केलेली असावी, तिची मुदत व हद्द कळवलेली असावी, ती सर्व देशांच्या जहाजांना सारखी लागू असावी, तटस्थ देशांची बंदरे तिने अडू नयेत. या अटी पाळल्या, तर नाकेबंदी मोडायला निघाल्याचा वाजवी संशय असलेले व्यापारी जहाज खुल्या समुद्रातही ताब्यात घेता येते. ‘मावी मारमारा’ किनाऱ्यापासून 72 सागरी मैलांवर होते, या एका कारणाने ती कारवाई बेकायदा ठरत नाही.

चाचेगिरीचा आरोप तर टिकतच नाही. चाचेगिरी म्हणजे खासगी जहाजाने खासगी हेतूंसाठी केलेला हल्ला. सरकारच्या हुकमाने चाललेली युद्धनौका या व्याख्येत बसत नाही. तो आरोप संतापाचा आहे, कायद्याचा नाही. आपल्याकडे याची वेगळी आठवण असायला हवी. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हा परवाना न घेता अरबी समुद्रात फिरणारे गलबत त्यांच्या लेखी जप्तीला पात्र होते, आणि कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक मागायला सुरुवात केली तेव्हा इंग्रजांनी त्यांनाच चाचे ठरवले. समुद्रावर कोणाला काय म्हणायचे, हे बहुधा मोठ्या आरमाराच्या सोयीने ठरत आले आहे. म्हणूनच ज्यांना गाझाची बाजू घ्यायची आहे त्यांनी नावे ठेवण्यात शक्ती घालवू नये.

3. त्याच मॅन्युअलची पुढची कलमे

इस्रायलचे समर्थक सान रेमोचे 98 वे कलम दाखवतात. जहाज ताब्यात घेण्याची परवानगी तिथे आहे. थोडे पुढे सरकले की 102, 103 आणि 104 येतात. 102 वे कलम सांगते, नागरिकांना उपाशी मारणे हाच एकमेव हेतू असेल तर नाकेबंदी निषिद्ध. आणि अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी जास्त होत असेल तरीही निषिद्ध. 103 वे याहून महत्त्वाचे. कोंडलेल्या प्रदेशातल्या लोकांना अन्न आणि जगण्यासाठी आवश्यक वस्तू पुरेशा मिळत नसतील, तर नाकेबंदी करणाऱ्याने त्यांना वाट द्यायची आहे. झडतीसह तांत्रिक अटी तो घालू शकतो, रेडक्रॉससारख्या निःपक्ष संस्थेच्या देखरेखीखाली वाटप व्हावे असा आग्रह धरू शकतो. पण वाट द्यायची की नाही, हा पर्याय त्याच्याकडे नाही. 104 वे कलम औषधांबद्दल तेच सांगते.

‘पुरेशा मिळत नसतील तर’ ही अट नीट पाहा. तीत हेतूचा उल्लेख नाही, दोष कोणाचा याचाही नाही. नाकेबंदी करणाऱ्याचे मन शुद्ध असेल, कोंडलेल्या प्रदेशातले सत्ताधारी दुष्ट असतील. तरीही धान्य पुरेसे नसेल तर वाट द्यावी लागते.

हे कलम हवेतून आलेले नाही, त्यामागे ग्रीसचा 1941-42 चा हिवाळा आहे. जर्मनी-इटलीने ग्रीस व्यापला होता आणि ब्रिटनने शत्रूव्याप्त युरोपची नाकेबंदी केली होती. ब्रिटनची भूमिका स्पष्ट होती: व्यापलेल्या लोकांना खाऊ घालणे हे व्यापणाऱ्याचे काम, आणि आपण पाठवलेले धान्य शेवटी जर्मन सैन्याच्या पोटात जाणार. अथेन्समध्ये माणसे रस्त्यावर भुकेने मरू लागली. ‘कुर्तुलुश’ नावाचे तुर्की जहाज ब्रिटनच्या परवानगीने इस्तंबूलहून धान्य घेऊन पिरेअसला जाऊ लागले; जानेवारी 1942 मध्ये ते मारमारा समुद्रात खडकावर आपटून बुडाले. ब्रिटनमध्येच या नाकेबंदीविरुद्ध आवाज उठला. ऑक्सफर्डमध्ये 1942 साली ‘दुष्काळ निवारण समिती’ स्थापन झाली, तीच आजची ऑक्सफॅम. अखेर ब्रिटन नमले. त्याच वर्षी तटस्थ स्वीडनची जहाजे दरमहा 15,000 टन कॅनेडियन गहू घेऊन ग्रीसला जाऊ लागली, आणि वाटपावर स्वीडिश व स्विस प्रतिनिधींची आणि रेडक्रॉसची देखरेख राहिली.

हिटलरशी चाललेल्या युद्धात, अस्तित्वाचा प्रश्न असताना, नाकेबंदीला दार ठेवता आले. ‘धान्य शत्रू खाईल’ ही शंका तेव्हाही होती आणि खोटी नव्हती. तिचे उत्तर देखरेखीतून मिळाले, दार बंद करून नाही.

1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने हा अनुभव कलमांत उतरवला, पण अर्धवट. त्याचे 23 वे कलम कमकुवत आहे: अन्नाच्या बाबतीत ते पंधरा वर्षांखालची मुले, गर्भवती आणि बाळंतिणींपुरते बोलते, तेही सबबी सांगायला भरपूर जागा ठेवून. 59 वे कलम मात्र पक्के आहे. व्यापलेल्या प्रदेशात पुरवठा अपुरा असेल तर व्यापणाऱ्याने मदत योजना स्वीकारल्याच पाहिजेत आणि हाती असलेल्या सर्व साधनांनी त्या पार पाडू दिल्या पाहिजेत. 1977 च्या पहिल्या पूरक कराराने उपासमारीचे हत्यार निषिद्ध केले. इस्रायल त्यात सामील नाही, पण तो नियम आता प्रघाताचा भाग मानला जातो. 1998 च्या रोम कराराने अशी उपासमार युद्धगुन्ह्यांच्या यादीत घातली.

4. गाझाचा दर्जा कोणताही माना

इथे इस्रायलचा नेहमीचा प्रतिवाद येतो: गाझातून आम्ही 2005 मध्येच बाहेर पडलो, तेव्हा व्याप्त प्रदेशाचे नियम आम्हाला लागू नाहीत. या मुद्द्यावर वकील वर्षानुवर्षे भांडले आहेत. माझ्या मते त्या भांडणाचा निकाल काही लागो, देणे बदलत नाही.

गाझा व्याप्त आहे असे माना. मग चौथ्या जिनिव्हा कराराचे 55 वे आणि 59 वे कलम थेट लागू होते: लोकांना अन्न पुरवणे आणि अपुरे पडले तर मदत आत येऊ देणे ही व्यापणाऱ्याची जबाबदारी. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 19 जुलै 2024 च्या सल्लागार मतात 2005 नंतरही इस्रायलच्या जबाबदाऱ्या त्याच्या प्रत्यक्ष नियंत्रणाच्या प्रमाणात कायम असल्याचे म्हटले. 22 ऑक्टोबर 2025 च्या मतात मदत स्वीकारून ती सुकर करण्याचे कर्तव्य आणखी नेमके मांडले. इस्रायलने ते मत फेटाळले.

गाझा व्याप्त नाही, पण दोन पक्षांत आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे युद्ध चालू आहे असे माना. मग नाकेबंदीचा हक्क मिळतो, पण तो सान रेमोच्या 102 ते 104 या कलमांसकट मिळतो.

हे युद्ध एका देशाचे एका बिगर-सरकारी सशस्त्र संघटनेशी आहे, असे माना. मग तर तटस्थ देशांची जहाजे खुल्या समुद्रात अडवण्याचा हक्क मुळात आहे का, यावरच मोठे प्रश्नचिन्ह आहे. अशा संघर्षात परक्या जहाजांवर नाकेबंदी लादण्याची परंपरा फार तुटपुंजी आहे. इस्रायलला दुसरी वाट सोयीची वाटते ती यासाठीच. पण ती घेतली की तिच्यासोबतचे देणेही घ्यावे लागते.

5. समुद्र आणि जमीन वेगळी करण्याची युक्ती

पामर समितीने नाकेबंदी कायदेशीर कशी ठरवली? तिचा तर्क असा की सागरी नाकेबंदी आणि जमिनीवरचे निर्बंध या दोन स्वतंत्र बाबी आहेत. गाझात मोठी जहाजे लागतील असे बंदरच नाही, त्यामुळे सागरी नाकेबंदीने लोकांचा पुरवठा फारसा तुटत नाही. तुटतो तो जमिनीवरच्या नाक्यांमुळे, आणि तो वेगळा विषय.

मला ही संपूर्ण अहवालातली सर्वांत दुबळी जागा वाटते. घराला दोन दारे असतील आणि एकच माणूस दोन्हींना कुलूप लावत असेल, तर मागच्या दारापुरते त्याला निर्दोष ठरवता येत नाही. पुढचे दार उघडे आहे की नाही, हे पाहूनच मागच्या कुलपाचा अर्थ लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी सप्टेंबर 2011 मध्येच हा आक्षेप घेतला होता, आणि त्याआधी मानवाधिकार परिषदेच्या सत्यशोधन मंडळाने 2010 मध्ये नाकेबंदी बेकायदा ठरवली होती. आपण न्यायालय नाही, कायद्याचा अंतिम निर्णय देणे आपले काम नाही, हे पामर समितीने स्वतःच लिहिले आहे. तरीही तिचे एक वाक्य आज अंतिम निकालासारखे फिरवले जाते.

पुढच्या दाराची अवस्था काय होती? 2007 नंतर कोणत्या वस्तू आत जाऊ द्यायच्या, हे इस्रायली प्रशासन ठरवत होते, आणि यादी जाहीर होत नव्हती. गिशा या इस्रायली संस्थेने पाठपुरावा करून जी माहिती मिळवली, तीत धने, आले, जायफळ, चॉकलेट नाकारलेल्या वस्तूंत होती. धन्यांचा बॉम्ब कसा करतात, हे मला ठाऊक नाही. न्यायालयाच्या आदेशाने 2012 मध्ये 2008 सालचा एक सरकारी मसुदा बाहेर आला. त्यात माणशी रोज 2,279 कॅलरी असा हिशेब मांडलेला होता. तो कधी वापरला नाही, असे सरकारचे म्हणणे. वापरला नसेलही. पण लोकांचा आहार मोजून ट्रकांची संख्या काढणारा हिशेब ज्याच्या टेबलावर तयार होतो, त्याचे नियंत्रण किती खोलवर आहे हे त्याच कागदावरून कळते. आणि ‘मावी मारमारा’नंतर तीन आठवड्यांच्या आत, 20 जून 2010 रोजी, इस्रायली मंत्रिमंडळाने धोरण बदलले: परवानगी असलेल्या वस्तूंऐवजी बंदी असलेल्या वस्तूंची यादी ठेवायची. जी बंदी लष्करी गरज म्हणून सांगितली जात होती, ती दबाव येताच ढिली करता आली.

2025 मध्ये तर सांगण्यासारखे दारच उरले नाही. 2 मार्चपासून गाझात जाणारी सर्व मदत बंद झाली, ती मेच्या उत्तरार्धात थोडीथोडी सुरू झाली. 22 ऑगस्टला आयपीसी या आंतरराष्ट्रीय अन्नसुरक्षा यंत्रणेने गाझा शहरासह गाझा प्रांतात दुष्काळ जाहीर केला. ‘मॅडलीन’ 9 जूनला ताब्यात घेतले गेले. त्या दिवशी 103 व्या कलमातली ‘पुरेशा मिळत नसतील’ ही अट पुरी झाली होती की नाही, यावर प्रामाणिकपणे दोन मते होऊ शकत नाहीत.

6. आक्षेप

पहिला आक्षेप शस्त्रांचा, आणि तो गंभीर आहे. जानेवारी 2002 मध्ये तांबड्या समुद्रात ‘कारीन ए’ पकडले गेले तेव्हा त्यावर सुमारे 50 टन शस्त्रे होती. नोव्हेंबर 2009 मध्ये सायप्रसजवळ ‘फ्रँकॉप’वर शेकडो टन सापडली. प्रत्येक जहाज सोडून द्या, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण शस्त्रांच्या धोक्याला उत्तर झडतीचे आहे, आणि झडती कशी करता येते याचे नमुने हाताशी आहेत. येमेनच्या हुथींच्या ताब्यातल्या बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांसाठी संयुक्त राष्ट्रांनी 2016 पासून जिबूतीत तपासणी यंत्रणा चालवली. जुलै 2022 च्या काळ्या समुद्रातील धान्य करारात रशिया, युक्रेन, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रे यांचे निरीक्षक इस्तंबूलमध्ये एकाच जहाजावर चढून तपासणी करत होते. एका वर्षात जवळपास 3.3 कोटी टन धान्य त्या वाटेने बाहेर पडले. गाझाबाबतही हे झालेले आहे. मार्च 2024 मध्ये ‘ओपन आर्म्स’ हे जहाज सुमारे 200 टन अन्न घेऊन सायप्रसच्या लार्नाकाहून निघाले, इस्रायली तपासणी तिथेच झाली, आणि माल गाझाच्या किनाऱ्यावर ढिगाऱ्यातल्या दगडांनी बांधलेल्या तात्पुरत्या धक्क्यावर उतरला. ही योजना चालवणाऱ्या ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ या संस्थेचे सात कर्मचारी 1 एप्रिलला इस्रायली हल्ल्यात मारले गेले, आणि ती वाट थंडावली. तपासणीत काही खोट निघाली म्हणून ती थंडावली नाही, हे लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप: हे ताफे मदतीसाठी नसतात, प्रसिद्धीसाठी असतात. ‘मॅडलीन’ला इस्रायलच्या परराष्ट्र खात्याने ‘सेल्फी नौका’ म्हणून हिणवले. बारा माणसे, थोडे पीठ-तांदूळ, बाळांचे दूध, डायपर, कुबड्या. वीस लाख लोकांच्या प्रदेशाला याने काय पुरणार? 2010 च्या ताफ्यातल्याही सहा जहाजांपैकी तीनच माल नेत होती. आक्षेपातले तथ्य मी नाकारत नाही. 103 वे कलम मालाला वाट देते, विशिष्ट बोटीला विशिष्ट किनाऱ्यावर लागण्याचा हक्क देत नाही. झडतीच नको म्हणणाऱ्या ताफ्याची कायदेशीर बाजू त्या प्रमाणात लंगडी होते, हे त्यांच्या मित्रांनी मान्य करावे. पण मागणाऱ्याचा हेतू राजकीय असला म्हणून देणेकऱ्याचे देणे बुडत नाही.

राजकीय हेतूचे बोट तर आपल्याकडेही वळते. जानेवारी 1987 पासून श्रीलंका सरकारने जाफन्याची आर्थिक कोंडी केली होती. 3 जून 1987 रोजी भारताने रामेश्वरमहून रेडक्रॉसचे झेंडे लावलेल्या सुमारे वीस मच्छीमार बोटी मदत घेऊन पाठवल्या. श्रीलंकेच्या नौदलाने त्या कच्चतीवू बेटाजवळ रोखल्या आणि काही तासांनी त्या परतल्या. दुसऱ्या दिवशी पाच एएन-32 विमानांनी, मिराज-2000 लढाऊ विमानांच्या संरक्षणात, जाफन्यावर 25 टन सामग्री टाकली. ‘ऑपरेशन पूमालै’ ते हेच. 25 टनांनी जाफन्याचे पोट भरणार नव्हते, आणि कोलंबोवर दाब आणणे हा त्यामागचा हेतू कोणापासून लपलेला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने भारताची बाजू डळमळीत होती: श्रीलंकेशी युद्ध नव्हते, विमाने सार्वभौम हवाई हद्दीत घुसली होती. निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वर्षभर आधीच, जून 1986 मध्ये, मानवतावादी मदत म्हणजे बेकायदा हस्तक्षेप नव्हे असे म्हटले होते. पण त्यासाठी ती सर्व गरजूंना भेदभाव न करता दिलेली असावी, अशी अटही घातली होती. मिराजची सोबत त्या अटीत कशी बसवायची, हे अवघड आहे. तरीही जाफन्यातली टंचाई खरी होती की नाही, हा प्रश्न दिल्लीच्या हेतूंवरून सुटत नव्हता. गाझालाही हेच लागू.

तिसरा आक्षेप अश्दोदचा. माल इस्रायलच्या अश्दोद बंदरात उतरवा, आम्ही जमिनीवरून पाठवू, असे इस्रायल प्रत्येक ताफ्याला सांगते. कायद्यात हे उत्तर बसते. 103 व्या कलमातल्या तांत्रिक अटी म्हणजे असेच काही. पण त्याची किंमत अश्दोदपुढचे नाके किती उघडे आहेत यावर ठरते. नाके बंद असताना ‘अश्दोदला या’ म्हणणे म्हणजे देणे फेडण्याची तारीखच न सांगणे.

हमास मदत पळवते, हा चौथा. त्याला ग्रीसच्या प्रकरणात उत्तर आलेच आहे. वाटपावर देखरेख मागता येते; सगळे वाटपच थांबवता येत नाही.

7. मग हा कायदा पाळायला लावणार कोण?

पाचवा आक्षेप टीकाकारांचा नाही, निराश मित्रांचा आहे: या कलमांनी कोणाचे काय वाकडे झाले? ‘मावी मारमारा’वर कोमोरोसचा ध्वज होता. त्या चिमुकल्या देशाने 2013 मध्ये हे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेले. अभियोक्त्याने 2014 मध्ये सांगितले की युद्धगुन्हे घडल्याचे मानायला वाजवी आधार आहे, पण प्रकरण पुरेसे गंभीर नाही. न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावले, तरी निर्णय बदलला नाही. दुसरीकडे इस्रायलने 2013 मध्ये तुर्कस्तानची माफी मागितली, 2016 मध्ये 2 कोटी डॉलर भरपाई कबूल केली, आणि मंत्रिमंडळाने वस्तूंची यादी बदलली ती आधीच. फौजदारी न्याय शून्य, राजनैतिक किंमत काही प्रमाणात. ही किंमत वसूल झाली कारण एका मोठ्या देशाने प्रश्न लावून धरला.

खुल्या समुद्रावर ध्वजाच्या देशाला कायद्याने बोलता येते. ‘मॅडलीन’वर ब्रिटनचा ध्वज होता. ऑक्टोबर 2025 च्या ताफ्यासोबत इटली आणि स्पेनने युद्धनौका पाठवल्या. इटलीची फ्रिगेट किनाऱ्यापासून 150 सागरी मैलांवर थांबणार, हे आधीच जाहीर झाले होते. मला ते थांबणे तितकेसे खटकत नाही. दोन नौदलांची टक्कर कोणालाच नको होती. खटकते ते हे की या देशांनी बोटींवरच्या आपल्या नागरिकांच्या सुटकेचा विषय लावून धरला आणि मालाचा तितक्या जोराने लावला नाही. नागरिक काही दिवसांत घरी परतले. पीठ-तांदळाचे काय झाले, तपासणी करून ते कोणत्या नाक्यातून आत गेले, नसेल तर 103 व्या कलमाप्रमाणे का नाही, आणि सायप्रसमध्ये कायमची तटस्थ तपासणी चौकी स्वीकारायला इस्रायलची काय हरकत आहे: निषेधाच्या पत्रात विचारायचे ते हे. अंतर विचारले की उत्तर तयार असते. या प्रश्नांना ट्रकांचे आकडे द्यावे लागतात.

आणि हे विचारण्याचा अधिकार फक्त ध्वजाच्या देशांपुरता मर्यादित नाही. जिनिव्हा करारांचे पहिलेच कलम प्रत्येक सदस्याला करार पाळायला आणि पाळला जाईल हे पाहायलाही सांगते. भारत त्या करारांचा सदस्य आहे. ‘मॅडलीन’ ताब्यात घेतले गेल्यावर तीनच दिवसांनी, 12 जून 2025 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझात युद्धबंदी व्हावी आणि मदतीच्या वाटा उघडाव्यात अशी मागणी करणारा ठराव 149 मतांनी संमत झाला. विरोधात 12 मते पडली, 19 देश तटस्थ राहिले, आणि त्या एकोणिसांत भारत होता. जाफन्याच्या टंचाईसाठी शेजाऱ्याची हवाई हद्द ओलांडणाऱ्या देशाने गाझाच्या बाबतीत हात वर का केला नाही, याचे उत्तर दिल्लीकडे मागायला हरकत नसावी.